खिळे ठोकलेला दरवाजा

निकम आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉलेजच्या दरवाजाला खिळे ठोकत होते. दरवाजा बिजागऱ्यांतून काढून दोन बाकांवर आडवा घातलेला, आबा त्याच्यावर ओणवे झालेले, ओठांत चार-पाच खिळे धरलेले. मी त्याच दिवशी साताऱ्याच्या त्या कॉलेजात इतिहासाची व्याख्याती म्हणून रुजू झाले होते. नव्या साडीच्या निऱ्या सांभाळत मी विचारलं, "हे काय चाललंय?" त्यांनी वर न बघता ओठांतला एक खिळा काढला आणि म्हणाले, "ह्ये दहिवडी." मग दुसरा काढला. "आन ह्ये म्हसवड. तुमी जरा उजेड सोडा, बाई."

मी उजेड सोडला. त्यानंतर सात-आठ वर्षं मी त्यांचा उजेड अडवत किंवा सोडत त्या दरवाजाच्या आसपासच राहिले.

आबा कॉलेजच्या वस्तुसंग्रहाचे शिपाई होते. वस्तुसंग्रह म्हणजे जिन्याखालची खोली. तिच्यात एक गंजलेली तलवार, चार नाणी, कुणीतरी देणगी दिलेलं भुसा भरलेलं तरस आणि आबा. लष्करात त्यांनी वीस वर्षं सिग्नलमध्ये तारा टाकायचं काम केलं होतं. डोंगरातून, बर्फातून टेलिफोनची तार ओढत न्यायची, तुटली की शोधत जायचं आणि जोडायची. निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांना शेतीत रस नव्हता, भावकीत तर त्याहून नव्हता. जिन्याखालच्या खोलीत मात्र एका खोक्यात त्यांना खापरं सापडली, आणि माणूस कामाला लागला.

आमच्यासारखे शिकलेले लोक खापर हातात घेतलं की पहिल्यांदा विचारतात, हे किती जुनं? आबा तसं कधीच विचारत नसत. ते खापर तळहातावर घेऊन अंगठ्याने पुसत आणि विचारत, "ह्येचा भाऊबंद कुठं हाय?" एका गावाला तांबडा अकिकाचा मणी सापडला आणि तसलाच मणी दुसऱ्या गावाला सापडला, की ते दरवाजावरच्या त्या दोन गावांच्या खिळ्यांमध्ये तांबडा धागा बांधत. शंखाच्या बांगडीच्या तुकड्याला पांढरा धागा. काळ्या चकचकीत खापराला काळा. "एकटं खापर मुकं असतंय, बाई," ते म्हणायचे. "दोन गावली की बोलाय लागत्यात. आपुन फकस्त आयकायचं, कोन कुनाशी बोलत हुतं."

हल्ली परदेशात आणि आपल्याकडेही विद्वान लोक हे संगणकावर करतात. त्याला जालविश्लेषण असं भारदस्त नाव आहे. गावांचे ठिपके, ठिपक्यांमधल्या रेषा, कुठल्या ठिपक्याला किती रेषा येतात, कुठला ठिपका काढला तर जाळं विस्कटतं, असं सगळं त्यात असतं. परवा एका चर्चासत्रात एक तरुण मुलगा पडद्यावर असं जाळं दाखवत होता. सगळे माना डोलवत होते आणि मी मागच्या रांगेत बसून पदराने डोळे टिपत होते. शेजारच्या बाईंना वाटलं, मला एसीचा त्रास होतोय.

आमचे प्राचार्य मात्र त्या दरवाजाला 'निकमांचा विणकाम वर्ग' म्हणत. मीही पहिले काही महिने हसले. मग एक दिवस आबांनी मला दरवाजासमोर उभं केलं. "मोजा," म्हणाले. हिंगणओढा नावाच्या मोठ्या गावाच्या खिळ्याला सगळ्यात जास्त धागे येत होते. आबांनी पक्कड घेतली आणि तो खिळा हळूच उपटला. सगळं जाळं सैल पडलं. बोरवस्तीचे धागे लोंबले, म्हसवडकडचे लोंबले, जे एकमेकांना बांधलेले वाटत होते ते सगळे त्या एका खिळ्याच्या जिवावर होते. "ह्ये एक्सचेंज," आबा म्हणाले. "दीड-दोन हजार सालामागं ह्या दुष्काळी मुलखातलं समदं बोलनं हितनं जात हुतं. आन हे कुनाला ठावंच न्हाई."

त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर हिंडू लागले. रविवारी सकाळची एस्टी धरायची, वडूजला उतरायचं, तिथून मिळेल त्या गाडीने नाही तर चालत पुढे. लग्न न झालेली बाई एका म्हाताऱ्या शिपायाबरोबर माळामाळाने खापरं वेचते, याची साताऱ्यात व्हायची ती चर्चा झाली. माझ्या आईने एकदा आबांना घरी बोलावून चहा दिला आणि उलटतपासणी घेतली. आबांनी तिला पिशवीतला शंखाच्या बांगडीचा तुकडा दाखवला. "आवं आई, ही बी कुनाची तरी लेक आसंल," म्हणाले. आईने परत विषय काढला नाही.

त्या भागात प्रत्येक जुन्या गावाला 'पांढर' असते. वस्ती होऊन, मोडून, परत होऊन साठलेल्या राखट पांढऱ्या मातीचं टेकाड. आबांची शिस्त ठरलेली होती. प्रत्येक पांढरीवर दोन तास चालायचं, डोळ्याला दिसेल ते उचलायचं, उकरायचं नाही. मग गावात जाऊन विचारायचं. गावातले लोक घराघरांतून मणी आणून दाखवत. मी वहीत टिपून घेत असे. ती वही आजही माझ्याकडे आहे. 'बोरवस्ती, तीन मणी, घराच्या पन्हळीखाली.' 'हिंगणओढा, सात मणी, बांगडीचे दोन तुकडे, पन्हळीखाली.' पान उलटलं की परत पन्हळ. त्या गावांची घरं मातीच्या सपाट छपरांची, माळवदाची. छपरावरचं पाणी पडायला भिंतीबाहेर पन्हळ काढलेली असते आणि पावसानंतर तिच्या खाली मणी दिसतात. आम्ही समजलो, पाण्याच्या धारेने जमीन उकरली जाते आणि खालचे मणी वर येतात. आबा पाटणच्या वरच्या डोंगरातले, मी सातारच्या पेठेतली. आमच्याकडे पाऊस असा की मातीचं छप्पर दोन दिवस टिकायचं नाही. आमच्या दोघांच्याही डोक्यावर जन्मभर कौलं. छपराला माती लागते आणि ती कुठून तरी आणावी लागते, हा विचारच आमच्या कौलारू डोक्यात आला नाही.

मग बहात्तर साल आलं.

त्या वर्षाविषयी मला फार लिहवत नाही. एस्टीच्या खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही कडेला खडी फोडणारी माणसं दिसायची, मैलभर संपायची नाहीत. विहिरींचे तळ दिसत होते. गावोगाव पाझर तलावांची कामं निघाली, लोक त्यावर जगू लागले. तलावाच्या भरावाला माती लागते. काळी माती कोण देणार, तिच्यात आज ना उद्या पीक यायचं असतं. पांढर मात्र सरकारी, पडीक. गाढवांच्या पाठीवरून, बायकांच्या डोक्यावरून पांढरी भरावात जायला लागल्या.

आबांची झोप गेली. कॉलेजला दांड्या मारून ते कामांवर हिंडायचे. मोजायचे, टिपायचे, येऊन दरवाजावरचा एखादा खिळा काळ्या रंगाने रंगवायचे. काळा म्हणजे ती पांढर गेली. "लायनी कापत चालल्यात, बाई," म्हणायचे. "सहा म्हैन्यांत कायबी ऱ्हानार न्हाई. येळ न्हाई आपल्याजवळ." मी म्हणायचे, पुरातत्त्व खात्याला लिहू या, पुण्याला, मुंबईला. लिहिलंही. एक उत्तर आलं, त्यात आमच्या पत्राची नोंद घेतल्याचं लिहिलं होतं. आबांनी ते उत्तर खोलीतल्या तरसाच्या तोंडात खोचून ठेवलं. गंमत म्हणून नव्हे. रागाने.

आणि एके दिवशी खबर आली, हिंगणओढ्याजवळ तलाव मंजूर झालाय आणि माती हिंगणओढ्याच्या पांढरीची घेणार आहेत.

आम्ही दुपारी पोचलो. ओव्हरसियर तंबूत बसले होते. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण माणूस वाईट निघाला नाही, हेच वाईट झालं. त्यांनी आम्हाला बसायला खोकी दिली, मडक्यातलं पाणी दिलं. त्या साली पाणी देणं म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. आबांनी सगळं समजावलं. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, दरवाजाची नक्कल, रंगीत पेन्सिलीने काढलेली. ओव्हरसियरनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मला माती लागते, निकम. मुरूम पुरत नाही. इथे जवळ दोन पांढरी आहेत. एक ही हिंगणओढ्याची, दुसरी ओढ्यापलीकडे, म्हातारीची पांढर. दोन्ही सोडा म्हणाल तर ही बाहेर बसलेली माणसं उद्या काय खाणार, तेही तुम्हीच सांगा. एक सोडतो. कुठली सोडू?"

तंबूच्या दाराशी बायका टोपल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. म्हातारीच्या पांढरीवर आम्ही वर्षापूर्वी दोन तास चाललो होतो. ओसाड टेकाड, जवळ वस्ती नाही, वरचा भाग कुणी खरवडून काढल्यासारखा बोडका. दोन मणी आणि एक काळं खापर. दरवाजावर तिला तीन धागे होते. हिंगणओढ्याला मोजता मोजता चुकायला होई इतके.

"म्हातारीची घ्या," आबा म्हणाले.

ओव्हरसियर म्हणाले, "लेखी द्या. बाईंची सही असू दे, वर दाखवायला बरं पडेल." मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच दौतीतून लिहिलं. हिंगणओढ्याची पांढर प्राचीन दळणवळणाचं केंद्र असून ती राखली जावी. माती आवश्यक असल्यास ओढ्यापलीकडील पांढरीची घ्यावी, तेथे विशेष काही नाही. खाली सही, सहीखाली पदवी. 'तेथे विशेष काही नाही' हे चार शब्द माझे आहेत. आबांनी ते सांगितले नव्हते.

परतीच्या एस्टीत आबा लहान मुलासारखे खूश होते. वडूजला त्यांनी भजी घेतली. "बाई, वीस वर्सं लाइन जोडली, पर आसं एक्सचेंज वाचवलं न्हवतं," म्हणाले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्याआधी कधी सांगितली नव्हती. चीनच्या लढाईत एका चौकीची तार तुटली होती. आबा खालच्या बाजूला शोधत गेले, तुटली होती वरच्या बाजूला. ते जोडून होईपर्यंत चौकीत बोलायला कुणी उरलं नव्हतं. "तवापास्नं सांगतो, लाइन दोनी टोकांनी तपासायची. एका टोकानं कवाच न्हाई." मी भजी खात मान डोलावली.

तीन-चार महिन्यांनी आम्ही परत गेलो. खरं तर आबांना आपली वाचलेली पांढर डोळे भरून बघायची होती. तलावाचा भराव बराच वर आला होता. त्याच्या उतारावर बायका रांगेने टोपल्या देत होत्या. मी सहज एका मुलीकडे पाहिलं. तिच्या गळ्यात तांबड्या मण्यांची माळ होती. तिच्या शेजारच्या मुलीच्या गळ्यातही होती. त्या पलीकडचीच्या गळ्यात दोन पदरी. सगळे अकिकाचे, सुबक भोकं पाडलेले मणी, जे सहा वर्षं हिंडून आबांनी पेलाभर जमवले होते. मी आबांकडे पाहिलं. ते कधीच थांबले होते.

"कुठनं आनलं ग पोरी ह्ये?" त्यांनी विचारलं.

उत्तर दिलं तिच्या आजीने. सगुणाक्का तिचं नाव. दुष्काळात मेंढरं विकून कामावर आलेली, उन्हाने काळवंडलेली म्हातारी. "म्हातारीच्या पांढरीत निघालं की. टोपली टोपलीला निघत हुतं. बांगड्या काय, मडकी काय, खाली भाजक्या इटांच्या भिती बी लागल्या हुत्या." आणि मग ती आबांवरच उखडली. "तुमीच न्हवं का त्ये, म्हातारीची माती घ्या म्हून सायबाला सांगनारं? लय शानं! आता आमी माळवदाला माती कुठनं आनायची? आवं, बारा गावची माळवदं त्या पांढरीवर हुती. माझी सासू तिथनंच आनायची, तिची सासू तिथनंच. दर उनाळ्याला गाड्याच्या गाड्या. आता गळत्या घरात बसा म्हनावं पोरास्नी!"

आबा म्हणाले, "बारा गावची?"

"मग! हिंगनवड्याची, बोरवस्तीची, समद्यांची."

"आन हिंगनवड्याची जी पांढर हाय, ती?"

"ती कसली पांढर! ती जुनी आळी. पलेगात मानसं उठून गेली, घरं बसली, माळवदं खाली आली. त्येचाच ढीग हाय त्यो."

मला समजायला थोडा वेळ लागला. आबांना लागला नाही. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मग मलाही समजलं. आमचे धागे दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांचे नव्हते. ते बैलगाड्यांचे होते. दर उन्हाळ्यात म्हातारीच्या पांढरीची माती गावोगाव छपरांवर गेली, तिच्यातून मणी गेले, बांगड्या गेल्या, खापरं गेली. पाऊस पडला की छपरावरून पन्हळीतून खाली आले. ज्या गावात घरं जास्त तिथे मणी जास्त, तिथे धागे जास्त. आणि जिथून सगळं निघालं, तिथला वरचा थर पिढ्यान्पिढ्या खरवडून नेलेला, म्हणून तिथे दोन मणी. आम्ही केराचा ढीग वाचवला होता आणि खरं जुनं नगर भरावात घातलं होतं.

आबा भरावाच्या उतारावर बसले. दोन्ही हातांनी पांढरी माती उकरायला लागले. मुकादम ओरडत आला, म्हणाला, भराव दबलाय, हात लावू नका. आबांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या खांद्याला धरून ओढलं, ते हलले नाहीत. सगुणाक्का घाबरली. "आवं, मी काय वंगाळ बोलले का? आवं भाऊ, उठा की." शेवटी तिनेच नातीच्या गळ्यातली माळ काढून त्यांच्या हातात दिली. आबांनी ती परत तिच्या नातीच्या गळ्यात घातली. मग उठले. एस्टीत साताऱ्यापर्यंत मी वहीची पानं उलटत बसले. पन्हळीखाली, पन्हळीखाली, पन्हळीखाली. माझ्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दरवाजावरचे सगळे धागे कापले. मला वाटलं, संपलं. पण ते परत बांधत होते. आता प्रत्येक गावाच्या खिळ्यापासून एकच धागा निघत होता आणि म्हातारीच्या खिळ्यावर येत होता. ते जाळं बरोबर होतं. इतकं बरोबर की बघवत नव्हतं. मी म्हणाले, "आबा, चूक माझीही आहे. सही माझी आहे." ते म्हणाले, "सही तुमची, डोळं माजं. लिवून ठिवा बाई, निकमाचं चुकलं म्हून. न्हाईतर उद्या कोन तरी ह्योच कागद घिऊन पुन्यांदा फसंल." ती नोंद त्यांनी सांगितली तशी मी लिहिली, आणि कुठेही छापायला पाठवली नाही. माझं नाव त्यात येत होतं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी नोकरीत कायम व्हायची होते.

तलाव झाला, पुढे भरला. आसपासच्या विहिरींना पाणी आलं. लोक आबांना भेटले की पाण्याविषयी बोलत. आबा "लय बेस झालं" म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. फक्त त्यानंतर ते मान खाली घालून चालू लागत.

आणि मग त्यांनी ते शेवटचं काम काढलं. नगराची माती भरावात गेली, पण सगळी नाही. काही अजून लोकांच्या डोक्यांवर होती. बारा गावांच्या माळवदांत. दुष्काळानंतर लोक माळवदं उतरवून पत्रे घालू लागले होते, माती उकिरड्यावर जात होती. आबा घरोघर हिंडून सांगायचे, "उतरवायच्या आधी मला कळवा. मी माती चाळतो, घर झाडून दितो, वर चा बी नगं." कुठल्या घराची माती पांढरीच्या कुठल्या बाजूच्या खड्ड्यातली, हे ते घरच्या म्हाताऱ्या बायकांना विचारून घेत. बायकांना ते सगळं पाठ होतं. "वड्याकडच्या खड्ड्यातली," "बोरीखालची," "सासूच्या येळची उगवतीची." ज्यांना आम्ही सहा वर्षांत एकदाही काही विचारलं नव्हतं, त्या बायका आबांना नाहीशा झालेल्या टेकाडाचा नकाशा बसल्या जागी सांगत होत्या. माळवदाची माती चाळणं म्हणजे दिवसभर नाकातोंडात धूळ. आबांना खोकला लागला. मी चार घरं त्यांच्याबरोबर केली. पदर नाकाला बांधून, चाळण धरून. एका घरात भाजक्या मातीचा बोटाएवढा बैल निघाला, एक शिंग तुटलेला. आबांनी तो तळहातावर घेतला आणि सवयीने म्हणाले, "ह्येचा भाऊबंद कुठं हाय?" मग भाऊबंद कुठे गेले ते आपलं आपल्यालाच आठवून त्यांनी बैल खिशात ठेवला आणि परत चाळण धरली.

पंचाहत्तरच्या सुमारास संस्थेने माझी सांगलीच्या कॉलेजात बदली केली. आबा निवृत्त झाले. प्राचार्यांनी निरोप समारंभात नारळ दिला आणि तुमचा तो दरवाजा घेऊन जा म्हणाले. आबांनी तो खरंच एस्टीच्या टपावर टाकून गावी नेला. तिथून ते एकटेच माण तालुक्यातल्या त्या गावांना ये-जा करायचे. मला पोस्टकार्डं यायची. 'अमक्या गावी तमक्याचं माळवद बुधवारी उतरणार. जमल्यास यावे.' पहिल्या दोन वेळा मी गेले. मग लग्न झालं, संसार लागला, विभागाचं काम आलं. पोस्टकार्डं येत राहिली. मी उत्तर टाकायची, या खेपेला जमत नाही, पुढच्या खेपेला नक्की.

शेवटचं कार्ड माझ्यासमोर आहे. अक्षर वाकडं झालंय. 'बाई, बोरवस्तीला सगुणाक्काचं माळवद उतरणार. सर्वांत जुनं आहे. तिची माती पांढरीच्या मधल्या खड्ड्यातली आहे, तशी दुसऱ्या कोणत्याच घरात नाही. मला आता चाळण पेलत नाही. रविवारी या. मी स्टँडवर थांबतो.' लिहिताना आबा बोलीत लिहीत नसत, लष्करात शिकलेलं नीट मराठी लिहीत.

त्या रविवारी माझ्याकडे उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे होते, सोमवारी द्यायचे. मी गेले नाही. आबा सकाळच्या गाडीपासून संध्याकाळच्या शेवटच्या गाडीपर्यंत वडूजच्या स्टँडवर बसून होते, हे मला नंतर समजलं. दुपारपर्यंत सगुणाक्काच्या मुलाने वाट पाहिली. पत्रे आणलेले होते, गवंडी खोळंबला होता. त्याने माती ओढ्यात लोटली.

आबा त्या हिवाळ्यात गेले. मी दहाव्यानंतर त्यांच्या गावी पोचले. पाटणच्या वर, ढगात बुडालेलं कौलारू घर. आबांच्या बायकोने, काकूंनी, पाणी दिलं आणि न विचारताच मागच्या पडवीत नेलं. दरवाजा भिंतीला टेकवून ठेवला होता. म्हातारीच्या खिळ्यापासून धागे निघाले होते आणि आता गावांऐवजी घरांना गेले होते. एकेक खिळा म्हणजे एकेक चाळलेलं माळवद, शेजारी पेन्सिलीने घरधनिणीचं नाव. बोरवस्तीच्या बाजूला एक नवा खिळा ठोकलेला होता. 'सगुणाक्का' असं नाव होतं. धागा नव्हता.

काकूच म्हणाल्या, "त्यो तेवडा ऱ्हायलाय. बाई आल्यावर बांधायचा, म्हनायचं. तुमी आलाय, तर बांधा आता." आणि कोनाड्यातलं तांबड्या धाग्याचं रीळ काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी ते रीळ धरून उभी राहिले. त्या घरातला एकही मणी माझ्याकडे नव्हता, एकही खापर नव्हतं. बांधणार कशाच्या आधारावर? मी रीळ परत कोनाड्यात ठेवलं. काकूंना वाटलं, मला गाठ मारता येत नाही.